माथ्यावरचा क्रॅब आणि घरचा लॅपटॉप: अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीची निरीक्षणं स्वतः कशी तपासायची

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री साडेआठच्या सुमारास अमळनेर, चोपडा, धुळे, शहादा, कुठल्याही गावी धाब्यावर किंवा गच्चीवर उताणं पडा. डोक्यावर वृषभ रास असते. बैलाच्या दोन शिंगांपैकी दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला एक मध्यम तेजाचा तारा आहे आणि त्याला अगदी लागून क्रॅब तेजोमेघ. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी याच जागी ‘पाहुणा तारा’ नोंदवला होता. तो ताऱ्याचा स्फोट होता आणि त्याचेच अवशेष म्हणजे हा तेजोमेघ. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर २२ अंश, आणि खान्देशचा मधला पट्टा २१ अंशांच्या आसपास. म्हणजे क्रॅब रोज आपल्या माथ्यावरून जेमतेम अंशभर उत्तरेकडून जातो.

साध्या डोळ्यांनी तो दिसत नाही, छोट्या दुर्बिणीतून फिकट पुंजका दिसतो. पण गॅमा किरणांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रचंड ऊर्जेच्या प्रकाशात, हीच जागा आकाशातल्या सर्वांत ठळक जागांपैकी एक आहे. ते किरण खान्देशावर रोज येतात, पण जमिनीपर्यंत एकही पोचत नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या थराएवढं आहे, आणि एवढ्या जाड थरात गॅमा किरण वरच्या वरच विरून जातो. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. नासाने ११ जून २००८ रोजी सोडलेली फर्मी दुर्बीण त्यासाठीच आहे. तिची कक्षा विषुववृत्ताशी २५.६ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे ती आपल्या अक्षांशांवरूनही जाते.

तिची निरीक्षणं ऑगस्ट २००९ पासून सर्वांसाठी खुली आहेत. परवानगी, शुल्क, पदवी काही लागत नाही. आमच्या भागातल्या बी.एस्सी.च्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा आधी विश्वास बसत नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने ज्या फाइलवर काम केलं, तीच फाइल सावद्याच्या पोराला मिळते. या लेखात एकच काम पूर्ण करू: एप्रिल २०११ मध्ये क्रॅबमध्ये झालेला मोठा भडका स्वतःच्या लॅपटॉपवर शोधून काढायचा.

दुर्बीण आधी समजून घ्या

ही पायरी गाळून थेट आज्ञा टाइप करायला बसलेली मुलं पुढे हमखास अडतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

फर्मीवर दोन उपकरणं आहेत. आपल्या कामाचं मोठं उपकरण म्हणजे लॅट (लार्ज एरिया टेलिस्कोप). त्यात आरसा नाही, भिंग नाही. गॅमा किरण आरशावरून परतत नाही, तो पदार्थात घुसतो. म्हणून लॅटमध्ये टंगस्टनचे पातळ पत्रे ठेवले आहेत. गॅमा किरण पत्र्यात शिरला की त्याचं रूपांतर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोडीत होतं. ही जोडी खाली जाताना सिलिकॉनच्या पट्ट्यांच्या थरांत आपला माग सोडते. त्या मागावरून किरण कुठल्या दिशेने आला ते कळतं. तळाशी सीझियम आयोडाइडचे १५३६ स्फटिक आहेत, त्यांत जोडीची ऊर्जा मोजली जाते. आणि या सगळ्यावर ८९ प्लास्टिक फरशांचं आवरण आहे. विद्युतभारित वैश्विक कण आला तर फरशी चमकते आणि ती नोंद बाद होते. गॅमा किरणाला भार नसतो, तो फरशीतून गुपचूप आत येतो. हे आवरण नसतं तर दुर्बीण निकामी ठरली असती, कारण अवकाशात वैश्विक कणांचा मारा गॅमा किरणांच्या हजारो पट आहे. एवढं सगळं उपकरण सुमारे ६५० वॅटवर चालतं, घरातल्या इस्त्रीपेक्षाही कमी विजेवर.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खळ्यात ज्वारी उफणताना पाहिली असेल. जड दाणा सरळ खाली पडतो, हलकं भूस वाऱ्याने दूर जातं. लॅटमध्येही तसंच घडतं. जास्त ऊर्जेच्या किरणापासून झालेली जोडी पत्र्यांतून सरळ जाते, कमी ऊर्जेची जोडी वाटेत धक्के खात भरकटते. १०० एमईव्ही ऊर्जेला (एमईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं एकक, १ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) दिशेतली चूक सुमारे ५ अंश असते, १ जीईव्हीला ती अंशाच्या आत येते आणि १० जीईव्हीच्या वर अंशाच्या दहाव्या भागापर्यंत उतरते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून नकाशात क्रॅब टिंबासारखा दिसत नाही, तो सांडलेल्या डागासारखा पसरतो. डाग मोठा दिसला म्हणून वस्तू मोठी समजू नका.

लॅट एका वेळी आकाशाचा पाचवा हिस्सा पाहते, आणि डोलत डोलत दोन प्रदक्षिणांत, म्हणजे सुमारे तीन तासांत, पूर्ण आकाश पाहून होतं. मार्च २०१८ मध्ये तिच्या एका सौर पंखाची फिरकी अडकली आणि तेव्हापासून ही फेरी बदलली. आपण निवडलेले महिने त्याआधीचे आहेत, नवशिक्यासाठी ते सोयीचं.

भडक्याची गोष्ट

क्रॅब इतका स्थिर समजला जाई की क्ष-किरणांच्या दुर्बिणी त्याच्यावरून जुळवून घेत, आणि तेजाचं एककच ‘क्रॅब’ असं होतं. सप्टेंबर २०१० मध्ये इटलीच्या अजिले उपग्रहाने जाहीर केलं की क्रॅब गॅमा किरणांत अचानक भडकला आहे. फर्मीनेही ते लगेच पडताळून सांगितलं. हा अजिले उपग्रह २३ एप्रिल २००७ रोजी आपल्या श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने गेला होता. वर्गात हे सांगताना मला दर वेळी मनापासून आनंद होतो. नंतर एप्रिल २०११ मध्ये त्याहून कितीतरी मोठा भडका झाला आणि काही दिवसांत विझला. तोच आपण शोधणार आहोत.

मोबाईलवर पहिली चव

लॅपटॉप नसेल तरी सुरुवात करा. ‘फर्मी लॅट लाइट कर्व्ह रिपॉझिटरी’ असं इंग्रजीत शोधा. दीड हजारांहून जास्त बदलत्या स्रोतांचे तेज-आलेख तिथे तयार मिळतात, तीन दिवस, आठवडा किंवा महिना अशा टप्प्यांत. बहुतेक स्रोत दूरच्या आकाशगंगांची कृष्णविवरं आहेत. ३सी ४५४.३ हे नाव टाकून पाहा. आलेख पावसाळ्यातल्या तापीसारखा चढतो-उतरतो. पंधरा मिनिटं असे आलेख चाळले की ‘बदल’ आणि ‘गोंधळ’ यांतला फरक डोळ्यांत बसतो.

लॅपटॉपची तयारी

आठ जीबी रॅम, वीसेक जीबी मोकळी जागा. लिनक्स असेल तर उत्तम, विंडोज असेल तर त्यातच लिनक्सची सोय सुरू करून घ्या. कोंडा नावाची, सॉफ्टवेअर बसवून देणारी व्यवस्था टाका आणि तिच्यातून ‘फर्मीटूल्स’ हे सॉफ्टवेअर उतरवा. ते मोठं आहे, आमच्याकडे दुपारी नेट रडतखडत चालतं म्हणून रात्री लावून झोपलेलं बरं. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करा. नकाशा पाहायला ‘डीएस९’ हा मोफत प्रोग्राम लागेल.

मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. ४४-४५ अंशांत लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि एका तासाचं गणित तीन तास चालतं.

फाइल मागवणं

फर्मी सायन्स सपोर्ट सेंटरच्या पानावर लॅट डेटाचा अर्ज आहे. त्यात असं भरा:

जागा: विषुवांश (आकाशातला रेखांश) ८३.६३३, क्रांती २२.०१४ (दोन्ही अंशांत, जे२००० म्हणजे २००० सालच्या निर्देशांकांनुसार).
त्रिज्या: २० अंश.
ऊर्जा: १०० ते ३००००० एमईव्ही.
वेळेची पद्धत: एमईटी.
काळ: ३२३३०८८०२ ते ३२५९००८०२.

हे वेळेचे आकडे विचित्र वाटतील. फर्मी १ जानेवारी २००१ च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजते, ग्रिनिचच्या वेळेनुसार; हीच एमईटी. वरचे दोन आकडे म्हणजे १ एप्रिल आणि १ मे २०११. हे एकदा हाताने काढून बघा: ३७४२ दिवस गुणिले ८६४०० सेकंद, अधिक मधल्या काळात घातलेले २ लीप सेकंद. आकडा जुळला की पुढे कुठल्याही तारखेसाठी कुणाला विचारावं लागत नाही. आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे, तेवढं लक्षात ठेवा.

अवकाशयानाची फाइलही मागा, त्या चौकटीत खूण करायला विसरू नका. दुर्बीण कुठे होती, कुठे पाहत होती, चालू होती की बंद, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं. मग तुलनेसाठी दुसरा अर्ज करा, एप्रिल २०१० साठी: २९१७७२८०२ ते २९४३६४८०२. थोड्या वेळाने दुवे मिळतात. एका महिन्याच्या फाइली मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही उतरतात.

निवडणं आणि पाखडणं

फर्मीटूल्समधली पहिली आज्ञा जीटीसिलेक्ट. ती जागा, काळ, ऊर्जा पुन्हा विचारते, तीच द्या. नोंदीचा वर्ग म्हणून १२८ आणि प्रकार म्हणून ३ टाका. याचा अर्थ, ज्या नोंदी गॅमा किरणाच्याच असल्याची पुरेशी खात्री आहे तेवढ्याच घ्या.

मग ती खस्वस्तिकापासूनचा, म्हणजे दुर्बिणीच्या थेट माथ्यावरच्या बिंदूपासूनचा, कमाल कोन विचारते. तिथे ९० टाका, आणि हा आकडा कधीही गाळू नका. फर्मीसाठी सर्वांत झगमगीत गॅमा स्रोत कुठला, हा प्रश्न मी दर वर्षी विचारतो. उत्तर आहे आपली पृथ्वी. वैश्विक कण वातावरणावर आदळतात आणि क्षितिजाकडच्या हवेच्या कडेतून गॅमा किरण निघतात. ते आत घेतले तर नकाशात असे पट्टे उमटतात की एखाद्याला वाटावं, आपण नवा शोध लावला.

दुसरी आज्ञा जीटीएमकेटाइम. दक्षिण अटलांटिकवर कणांचा मारा फार असलेला एक टापू आहे, तिथून जाताना लॅट नोंदी घेणं थांबवते. कधी दुरुस्ती चालू असते, कधी इतर अडचण. असा वाईट काळ ही आज्ञा कापून टाकते. गाळणीच्या जागी दोन अटी लिहायच्या: डेटा_क्वाल शून्यापेक्षा मोठा, आणि लॅट_कॉन्फिग बरोबर १.

नकाशा

आता जीटीबिनला मोजणी-नकाशा काढायला सांगा. घरं १४० गुणिले १४०, प्रत्येक घर ०.२ अंशाचं, मध्यभागी क्रॅब. २८ अंशांचा हा चौकोन २० अंशांच्या वर्तुळात नीट बसतो. डीएस९ मध्ये उघडा, रंगछटेला लॉग निवडा आणि थोडं गुळगुळीत करा.

मधोमध क्रॅब. डावीकडे सुमारे दहा अंशांवर दुसरा डाग आयसी ४४३, हाही स्फोटाचा अवशेष. आणि त्याच्याही पलीकडे, डाव्या कडेला टेकलेला झळाळता डाग म्हणजे जेमिंगा. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते, छापील नकाशाची सवय असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

जेमिंगा इथे क्रॅबपेक्षा तेजस्वी दिसतो. पहिल्या वर्षी घाईत मी चौकोन जरा सरकवून काढला होता आणि सर्वांत ठळक डागालाच क्रॅब म्हणून मोकळा झालो. एका विद्यार्थिनीने निर्देशांक वाचून चूक दाखवली. तेव्हापासून नियम केला आहे: डागाचं तेज पाहून नाव द्यायचं नाही, आधी निर्देशांक वाचायचे. जेमिंगा या नावाचीही मजा आहे. मिलानकडच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ ‘तिथे नाही’. इतर प्रकाशांत तो बरीच वर्षं कुणाला सापडत नव्हता. आपल्या अहिराणीत सांगायचं तर ‘नही शे’. शेवटी तो पल्सार निघाला, म्हणजे स्फोटानंतर उरलेला, गरगर फिरणारा ताऱ्याचा गाभा; हा सेकंदात चारेक वेळा फिरतो.

तेजाचा आलेख, आणि परातीची गोष्ट

आता मूळ कामाकडे. जीटीसिलेक्ट पुन्हा चालवा, या वेळी त्रिज्या फक्त २ अंश. मग जीटीबिनला एकेका दिवसाच्या, म्हणजे ८६४०० सेकंदांच्या टप्प्याने मोजणी करायला लावा. प्रत्येक दिवसापुढे फोटॉनांची, म्हणजे नोंदल्या गेलेल्या एकेका गॅमा किरणाची, संख्या मिळेल.

इथे बहुतेक जण तोच आलेख काढून निष्कर्ष लिहून टाकतात. थांबा. पावसात अंगणात परात ठेवली आणि किती पाणी साचलं ते मोजलं, तर पाऊस किती पडला हे सांगता येईल का? परात केवढी होती आणि किती वेळ उघडी होती, हे माहीत असेल तरच. मधेच कुणी ती झाकली असेल, तिरपी केली असेल, तर नुसतं पाणी मोजून काही कळणार नाही. लॅटचंही तसंच. क्रॅब कधी तिच्या नजरेच्या मध्यावर असतो, कधी कडेला, कधी पृथ्वीआड. एखाद्या दिवशी दुर्बीण मुद्दाम एकाच दिशेला रोखलेली असते आणि मोजणी आपोआप फुगते, स्रोत जिथल्या तिथे असला तरी.

म्हणून जीटीएक्स्पोजर चालवा. ही आज्ञा प्रत्येक दिवसापुढे ‘क्षेत्रफळ गुणिले वेळ’ लिहून देते. उपकरणाच्या प्रतिसादाचं नाव विचारलं तर पी८आर३_सोर्स_व्ही३, आणि वर्णपटाचा घातांक उणे २.१ द्या. मग मोजणीला या आकड्याने भागा. आता जे उरेल ते क्रॅबच्या दिशेचं तेज, दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला.

त्रुटीही काढा, ती शाळेतल्या गणिताने निघते. ३६ फोटॉन आले तर त्रुटी त्याचं वर्गमूळ, ६. म्हणजे उद्या ४२ आले तर ‘वाढ झाली’ असं म्हणण्यात अर्थ नाही. १०० आले तर उठून बसा.

एप्रिल २०१० चा आलेख सपाट येईल, थोडी खालीवर थरथर. एप्रिल २०११ च्या आलेखात दुसऱ्या आठवड्यात रेघ वर चढू लागेल, १६ तारखेच्या आसपास टोक गाठेल आणि मग खाली येईल. दोन्ही आलेख एकाच कागदावर, एकाच मापाने काढा. वेगवेगळ्या मापाने काढलेले आलेख शेजारी ठेवले तर थरथरसुद्धा भडक्यासारखी दिसते.

हा चढउतार दिवसांत, काही भाग तर तासांत होतो. प्रकाश तेवढ्या वेळात जितकं अंतर कापतो, त्याहून फार मोठी जागा एकदम भडकू शकत नाही. तेजोमेघ तर प्रकाशवर्षांनी मोजावा एवढा पसरलेला आहे. म्हणजे भडकलेली जागा त्यातला चिमूटभर तुकडा होता. हे अनुमान तुमच्या स्वतःच्या आलेखावरून निघतं.

लग्नसराईतले बँड

इथपर्यंत आलात तर काम झालं. पण दोन अंशांच्या त्या वर्तुळात पार्श्वभूमीचे आणि शेजारच्या स्रोतांचे भरकटलेले किरणही आहेत. ते वेगळे करायचे असतील तर पुढची पद्धत लागते.

वैशाखात रात्री धाब्यावर झोपलेलं असताना तीन गावांच्या वरातींचे आवाज एकत्र येतात. कुठलं गाव कुठे हे माहीत असतं, कुठला बँड कसा वाजतो याचाही अंदाज असतो. मग कान हळूहळू ठरवतो: पूर्वेकडचा एवढा, नदीपलीकडचा तेवढा, आणि बाकीची नुसती गुणगुण. जीटीलाइक हेच करतं. तुम्ही त्याला स्रोतांची यादी देता. ती सात हजारांहून जास्त स्रोतांच्या फोरएफजीएल सूचीतून घ्यायची. जोडीला आकाशगंगेच्या वायूतून येणाऱ्या पसरट उजेडाचा नकाशा आणि सगळीकडून सारख्या येणाऱ्या गुणगुणीची फाइल. मग ते प्रत्येकाचं तेज असं बदलत जातं की सगळ्यांची बेरीज प्रत्यक्ष नकाशाशी जास्तीत जास्त जुळावी. प्रत्येक स्रोतापुढे ‘टीएस’ नावाचा आकडा येतो. तो २५ च्या वर असेल तर स्रोत खरा मानायला आधार आहे.

हे हाताने करायला बऱ्याच आज्ञा लागतात, म्हणून फर्मीपाय हे पायथनचं साधन वापरा. क्रॅबबाबत एक खास खाच आहे. सूचीत तो एक नाही, तीन नोंदींचा आहे: मधला पल्सार, तेजोमेघाचा कमी ऊर्जेचा सिंक्रोट्रॉन भाग (चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा उजेड) आणि जास्त ऊर्जेचा इन्व्हर्स कॉम्प्टन भाग (इलेक्ट्रॉनांच्या धडकेने ऊर्जा वाढलेला उजेड). भडका सिंक्रोट्रॉन भागात होतो. म्हणून तो मोकळा सोडा, म्हणजे गणिताला त्याचं तेज बदलू द्या, आणि पल्सारचं तेज बांधून ठेवा. उलटं केलंत तर गणित पूर्ण होईल, उत्तरही छापलं जाईल, आणि ते चुकीचं असेल.

नंतर स्वतः काही करायचं तर

क्रॅबचे इतर महिने काढून बघा, पण जून टाळा. जूनच्या मध्यात सूर्य क्रॅबच्या दीडेक अंश जवळून जातो, आणि सूर्यही गॅमा किरण देतो. शिवाय सूर्यावरच स्फोट झाला तर तुमच्या आलेखात क्रॅबचा भडका म्हणून जे दिसेल ते सूर्याचं असेल. फाइल मागवण्याआधी सूर्य कुठे होता, हे पंचांगातही बघता येतं: तो मृग नक्षत्रात असेल तर क्रॅबचा महिना सोडून द्या.

आणि दुर्बीण डोळ्यांनी पाहायची इच्छा असेल तर उपग्रहांच्या वेळा सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये ३३०५३ हा क्रमांक टाका, तोच फर्मीचा. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे तासाभराच्या आतली फेरी निवडा, तोरणमाळ किंवा पालसारख्या अंधाऱ्या जागी जा, बायनॉक्युलर सोबत घ्या आणि दहा मिनिटं आधी डोळे अंधाराला सरावू द्या. ती पश्चिमेकडून येते, पूर्वेकडे जाते.